‘यात हरण्या दिसेल का?’ : यावल तालुक्यातल्या एका घराची मायक्रोस्कोप-निवड

यावल तालुक्यातलं केळी पिकवणारं घर. मुलगी बारावी सायन्सला. शेततळ्याचं पाणी बाटलीत भरून आणायचं, शेवाळाचे धागे काचेवर पसरायचे, हा तिचा छंद. वडिलांची ओढ वेगळी. मागच्या पावसाळ्यात बागेत हरण्या हा केळीचा रोग आला, पानांवर पिवळे पट्टे उमटले, पोंगे (मधली न उलगडलेली पानं) कुजले आणि बरीच झाडं उपटून बांधाबाहेर पुरावी लागली. त्यामुळे घरात येणारा मायक्रोस्कोप मुलीच्या प्रॅक्टिकलला आणि बागेलाही उपयोगी पडावा, आणि सगळं मिळून १५,००० रुपयांच्या आत बसावं, असं ठरलं. जळगावच्या दुकानात वडिलांनी पहिला प्रश्न विचारला तो हा: “भाऊ, यात हरण्या दिसेल का?”

‘किती पट मोठं दिसतं?’ या नेहमीच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न कितीतरी चांगला आहे, कारण तो बघायच्या वस्तूपासून सुरू होतो. उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे. ते नीट समजलं की निवडीचा निम्मा गुंता सुटतो.

आधीची खरेदी कुठे फसली

या घरात एक मायक्रोस्कोप आधीच होता. मागच्या दिवाळीत ऑनलाइन मागवलेला, खोक्यावर ‘१२००×’ छापलेला. कांद्याचा पापुद्रा सर्वांत कमी पटीला बरा दिसायचा. पट वाढवली की पेशींच्या भिंतींभोवती रंगीत कडा यायच्या, आणि शेवटच्या पटीला तर राखाडी ढगाशिवाय काहीच नाही. मुलीला वाटलं, आपल्यालाच फोकस जमत नाही. तिचा काहीही दोष नव्हता.

भिंगाला बारीक तपशील वेगळे दाखवता येतात ते त्याच्या न्युमेरिकल अपर्चरमुळे, म्हणजे ‘एनए’मुळे. भिंग किती रुंद कोनातून उजेड गोळा करतं, त्याचा हा आकडा. तो चांगल्या ऑब्जेक्टिव्हवर, म्हणजे वस्तूजवळच्या भिंगावर, पटीच्या शेजारीच कोरलेला असतो. ४०×/०.६५ असं लिहिलेलं भिंग हिरव्या उजेडात एकमेकांपासून साधारण अर्ध्या मायक्रॉनवर असलेले दोन ठिपके वेगळे दाखवतं. (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) १०×/०.२५ ची मर्यादा सव्वा मायक्रॉनच्या थोडी पुढे, ४×/०.१० ची साडेतीन मायक्रॉनच्या अलीकडे. उपयोगी एकूण पट एनएच्या ५०० ते १००० पटींत असते. त्यापुढे चित्र मोठं होतं, तपशील तेवढाच राहतो. ०.६५ साठी ही हद्द ६५० पटींवर संपते. एकूण पट म्हणजे ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) यांच्या पटींचा गुणाकार, पण ४०× ला २५× आयपीस लावून ‘१०००×’ म्हणणं म्हणजे फोटो रबरासारखा ताणणं.

१२०० पट खरोखर उपयोगी व्हायची तर एनए निदान १.२ हवा. भिंग आणि काच यांच्यामध्ये हवा असली की एनए १ च्या पुढे जाऊ शकत नाही, तिथे तेलासारखा द्रव लागतो. म्हणून खोक्यात ऑइल इमर्शनचं भिंग नसताना ‘१२००×’ छापलेलं असेल, तर दुसरी कुठलीही तपासणी न करता ते खोकं खाली ठेवावं. या यंत्राच्या भिंगांवर एनए कुठेच लिहिलेला नव्हता. कंडेन्सर, म्हणजे खालचा उजेड वस्तूवर एकवटणारं भिंग, त्याच्या जागी नुसतं भोक होतं. प्लास्टिकची मान फोकसचं बटण फिरवताना हलत होती, आणि ४०० पटींना हाताचा थोडासा कंपही चारशे पट दिसतो.

काय बघायचं आहे

दुकानात जाण्याआधी वहीत यादी केली आणि प्रत्येक वस्तूपुढे तिचा आकार लिहिला. खरं तर निवड इथेच झाली.

कॉलेजच्या कामात कांद्याचा पापुद्रा, पानावरची रंध्रं, ऱ्हिओच्या पानातलं रसाकुंचन, खोडामुळांचे आडवे छेद, परागकण आणि कांद्याच्या मुळाग्रातलं समसूत्री विभाजन. यात सर्वांत बारीक काम शेवटचं. पण कांद्याची गुणसूत्रं अवघी १६ आणि चांगली लांब असतात, मध्यावस्थेत १० मायक्रॉनच्या आसपास. रंग नीट चढला असेल आणि ठेचण एका थराची झाली असेल, तर ४०× ऑब्जेक्टिव्हला ती स्पष्ट दिसतात. म्हणजे बारावीच्या या यादीतल्या एकाही कामाला १००× ऑब्जेक्टिव्ह लागत नाही. दुकानदार १००× चा आग्रह धरतात तेव्हा हे लक्षात ठेवावं.

शेततळ्याच्या पाण्यात पॅरामिशियम पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ४× ला सापडतो आणि १०× ला छान दिसतो. स्पायरोगायराची नागमोडी हरितलवकं १०× ला, डायटमच्या कवचावरची ठळक नक्षी ४०× ला. दही-ताकातले जिवाणू एक मायक्रॉनहूनही बारीक जाडीचे. ते ४०× ला नुसत्या काड्या-ठिपक्यांसारखे जाणवतात, नीट बघायचे तर १००×.

बागेची यादी निघाली तेव्हा मजा आली. फुलकिडे मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे, मावा तेवढाच. कपाशीतल्या गुलाबी बोंडअळीचं अंडं अर्ध्या मिलिमीटरचं. यातल्या एकालाही मोठा मायक्रोस्कोप नको, १०× चं हातभिंग पुरे. तेही शेतात, पान झाडावर असतानाच. पान तोडून घरी आणेपर्यंत निम्मे किडे उडालेले असतात. करप्याचे, म्हणजे सिगाटोकाचे, बीजाणू लांबीला बरे असले तरी जाडीला काही मायक्रॉनच, त्यांना ४०× हवं. मुळांतल्या सूत्रकृमी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, ४× आणि १०× च्या आटोक्यात.

हरण्या का दिसत नाही

हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, सीएमव्ही. त्याचा कण सुमारे २९ नॅनोमीटरचा. उजेडावर चालणारा उत्तमातला उत्तम साधा मायक्रोस्कोप २०० नॅनोमीटरच्या आसपास थांबतो, कारण उजेडाची तरंगलांबीच तेवढी मोठी आहे. हा विषाणू त्या मर्यादेच्या सातव्या हिश्श्याचा. १५,००० चा घ्या नाहीतर १५ लाखांचा, तो साध्या उजेडात दिसणार नाही. त्याची खात्री प्रयोगशाळेत एलायझा किंवा पीसीआर चाचणीनेच होते.

पण वडिलांची काळजी यामुळे निकालात निघत नाही. विषाणू दिसत नसला तरी त्याला पोहोचवणारा मावा दिसतो. कपाशीवर आणि वेलवर्गीय भाज्यांवर असणारा मावाच हा विषाणू केळीत आणतो. म्हणून केळीत किंवा बांधाला काकडी, भोपळा, कारलं नको म्हणतात. नव्या लागवडीत पहिले काही महिने आठवड्यातून एकदा पोंग्याजवळची कोवळी पानं आणि बांधावरचं तण यांच्या पानांची खालची बाजू १०× भिंगाने तपासणं, हे हरण्यासाठी घरात करता येण्यासारखं खरं काम आहे. त्यामुळे ‘हरण्यासाठी मायक्रोस्कोप’ ही ओळ यादीतून खोडली आणि तिथे ‘मळ्यासाठी हातभिंग’ लिहिलं. खरेदीतला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा बदल.

हातभिंग घेताना २०× किंवा ३०× च्या मागे लागू नये. पट वाढली की भिंग लहान होतं, डोळा आणि पान एकमेकांना चिकटवावे लागतात आणि उजेड जातो. १०×, काचेचं, साधारण १८ ते २० मिमी व्यासाचं. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि पान भिंगाकडे आणायचं. बहुतेक जण उलटं करतात.

कोणते पर्याय समोर होते

यूएसबीचा डिजिटल मायक्रोस्कोप पहिल्याच फेरीत बाद झाला. त्याचा ‘१०००×’ पडद्याच्या आकारावर अवलंबून असतो. किडा किंवा पानाचा पृष्ठभाग बघायला तो बरा, पण पातळ छेदातून उजेड पाठवून पेशी बघण्यासाठी तो नाही.

स्टिरिओ मायक्रोस्कोप, म्हणजे दोन डोळ्यांनी २०-४० पटींत किडे, फुलं, बिया उठावात दाखवणारा, याचा मोह मोठा होता. भिंगाखाली हात घालून चिमट्याने काम करता येतं. पण पेशी त्यात दिसत नाही, आणि १५,००० मध्ये दोन्ही घेतले तर दोन्ही सुमार येतात. तो पुढच्या वर्षावर टाकला.

फोल्डस्कोप, मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्डला तयार केलेला कागदी घडीचा मायक्रोस्कोप, साधारण १४० पटींचा आहे आणि खिशात मावतो. लहान मुलांसाठी किंवा सातपुड्यातल्या सहलीसाठी तो जरूर घ्यावा. मात्र रोजच्या प्रॅक्टिकलची वही त्यावर भरणं कष्टाचं.

कॉलेजच्या लॅबमधून निघालेला जुना, काळा, आरशाचा मायक्रोस्कोपही कमी किमतीत मिळत होता. लोखंडी बांधणी उत्तम, पण ४५× च्या पुढच्या भिंगात बुरशीचं जाळं आणि चकत्यांची चिकटण सुटलेली. असं भिंग बदलायचं म्हटलं तर जुन्या यंत्रांचं माप नव्या भिंगांशी जुळेलच असं नाही. भिंग स्वच्छ असतं तर याच पर्यायाला पहिली पसंती दिली असती.

राहिला नवा कंपाउंड, म्हणजे खालून उजेड सोडून ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस यांतून बघायचा नेहमीचा मायक्रोस्कोप. इथे एक डोळ्याचा की दोन डोळ्यांचा हा वाद होतो. तासन् तास बघणाऱ्याला दोन डोळ्यांचा सुखाचा, यात शंका नाही. पण स्वस्त बायनॉक्युलरमध्ये दोन नळ्यांची चित्रं नीट एकावर एक बसत नाहीत, मेंदू ती ओढून जुळवतो आणि दहा मिनिटांत कपाळ दुखायला लागतं. या खर्चात चांगला मोनॉक्युलर घेणं शहाणपणाचं. मोबाईलने फोटो काढायलाही एकच डोळा लागतो.

शेवटी ठरलेली मागणी अशी लिहून नेली: धातूची बांधणी, डीआयएन या प्रमाणित मापाची ४×, १०× आणि ४०× ऑब्जेक्टिव्ह (अंगावर १६०/०.१७, म्हणजे नळीची लांबी आणि कव्हरस्लिपची जाडी मिमीत, कोरलेलं), १०× चा रुंद क्षेत्राचा आयपीस, वरखाली होणारा ॲबे कंडेन्सर आणि आयरिस (उजेडाची वाट लहान-मोठी करणारी पाती), पकडीसह सरकणारी मेकॅनिकल स्टेज, जाड आणि बारीक फोकस, आणि ५ व्होल्टवर चालणारा एलईडी. लाईट गेली तर तो पॉवर बँकेवर चालतो, हे गावात फार महत्त्वाचं. ऑब्जेक्टिव्हच्या फिरत्या चकतीवरचं चौथं भोक टोपण लावून बंद ठेवायचं, डीआयएन माप असल्यामुळे १००× नंतर बसवता येतं. यंत्राला ११,०००, हातभिंग-काचा-रंगद्रव्यं यांना २,०००, आणि २,००० हाती शिल्लक अशी वाटणी केली.

दुकानातली तपासणी

सोबत नेलं ते इतकंच: एक कांदा, ब्लेड, पाण्याची छोटी बाटली, आयोडीन आणि पारदर्शक प्लास्टिकची पट्टी.

आधी ४× ला पट्टी ठेवून किती मिलिमीटर दिसतात ते मोजलं. आयपीसचा क्षेत्र-आकडा (त्यातल्या गोल चौकटीचा व्यास मिमीत; त्याला ऑब्जेक्टिव्हच्या पटीने भागायचं) १८ असेल तर ४× ला ४.५ मिमी दिसायला हवेत. १०× ला १.८ आणि ४०× ला ०.४५. आकडे जवळपास जुळले तर पट खरी आहे. एका यंत्रात १८ चा आयपीस असूनही ४× ला सहा मिलिमीटर भरले, म्हणजे लिहिलेल्या चारच्या जागी ते तीनच पट होतं.

मग पापुद्रा. १०× ला फोकस करून ४०× फिरवलं. बारीक फोकसच्या अर्ध्या फेऱ्यात चित्र आलं तर ठीक. पूर्ण हरवलं आणि जाड बटण फिरवावं लागलं, तर ते यंत्र नको. रोजच्या वापरात मूल तिथेच भिंग काचेवर आपटतं. ४०× चं टोक बोटाने हलकं दाबून ते स्प्रिंगवर आत जातं ना, तेही बघितलं.

सर्वांत उपयोगी चाचणी सर्वांत कंटाळवाणी आहे. ४०× ला केंद्रक स्पष्ट आणायचं आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. दुसऱ्या यंत्रात चित्र हळूहळू पुसट झालं, स्टेज आपल्या वजनाने खाली सरकत होती. ताण देणारी कडी घट्ट करून ती थांबली नाही. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा हलकं ग्रीस आणखी पातळ होणार, म्हणून ते बाद.

तिसऱ्यात केंद्रकातली केंद्रिका दिसली, कडेला चित्र थोडं विरत होतं. साध्या ॲक्रोमॅट भिंगांत हे चालतं, मध्याचा दोन तृतीयांश भाग स्वच्छ असावा. आयपीस काढून नळीतून खाली बघत आयरिस उघडझाक केली. पाती गोल आणि मध्यावर उघडत होती. तेच यंत्र घेतलं.

पहिले पंधरा दिवस

घरी आल्यावर तीन तक्रारी आल्या, तिन्ही यंत्राच्या नव्हत्या.

‘४०× ला तयार स्लाइड दिसतच नाही.’ स्लाइड पालथी ठेवली होती. ४०× भिंग आणि वस्तू यांच्यात जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची जागा असते. पालथ्या स्लाइडमध्ये मधे सव्वा मिलिमीटर जाड काच येते, मग भिंग टेकतं पण फोकस येत नाही. ४× आणि १०× ला मात्र सगळं दिसतं, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही.

‘पाण्यातले जीव काचेसारखे, कडाच नाहीत.’ आयरिस पूर्ण उघडी होती. रंग न दिलेल्या जिवंत वस्तूला कंडेन्सर वर, स्टेजच्या अगदी जवळ ठेवायचा आणि आयरिस इतकी मिटायची की आयपीस काढून बघितल्यावर भिंगाच्या मागच्या गोलाचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग उजळलेला दिसेल. उजेड कमी-जास्त करायचा तो एलईडीच्या बटणाने. आयरिस त्यासाठी नाही. ती फार मिटली तर कडा ठळक होतात, पण बारीक तपशील मरतो.

‘परवापर्यंत स्वच्छ होतं, आता धुकं.’ ४०× च्या टोकावर ग्लिसरीन लागून वाळलं होतं. कव्हरस्लिपबाहेर (वस्तूवर ठेवायच्या पातळ काचेबाहेर) ओघळलेला थेंब टिपकागदाने न पुसता भिंग फिरवलं की हे होतं. आयपीस काढून तो उलटा धरला की छोट्या भिंगासारखा चालतो, त्यातून टोकावरचा डाग दिसतो. लेन्स पेपरचा कोपरा शुद्ध पाण्याने ओला करून मध्यापासून बाहेर एकदाच फिरवायचा. न निघाल्यास किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल. ओढणी, रुमाल, शर्टाचं टोक हे कधीही नाही. खानदेशच्या फुफाट्यातली धूळ म्हणजे बारीक वाळूच असते आणि ती भिंगावर ओरखडे पाडते.

कव्हरस्लिपबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची. ४०×/०.६५ भिंग ०.१७ मिमी जाडीची काच गृहीत धरून घडवलेलं असतं. दोन कव्हरस्लिप चिकटून एकदम उचलल्या गेल्या किंवा थेंब फार जाड राहिला, की चित्र दुधाळ होतं. काच घेताना शक्य तर ‘क्रमांक १.५’ मागावी.

यंत्र पत्र्याच्या खोलीत ठेवायचं नाही, उन्हाळ्यात तिथे भट्टी होते. मार्च ते मे कोरडे असल्याने बुरशीची भीती नाही, धुळीची आहे. आयपीस नळीतच राहू द्यायचा आणि वरून जाड कापडी खोळ. जून ते सप्टेंबर उलटं. तेव्हा लाकडी पेटीपेक्षा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि आत १०० ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतं. तो तवा स्वयंपाकाचा नसावा.

मुळांतल्या सूत्रकृमी

बागेत वाढ खुंटलेल्या, वाऱ्याने कलणाऱ्या काही झाडांबद्दल वडिलांना शंका होती. तिथे हा मायक्रोस्कोप खरोखर कामाला आला. अशा झाडाजवळची पेन्सिलीएवढी जाड, काळपट चट्टे असलेली मुळं धुऊन एक सेंटिमीटरचे तुकडे केले. फनेलच्या देठाला रबरी नळी लावून चिमट्याने बंद केली, तोंडाशी जाळी, जाळीवर टिश्यू पेपर, त्यावर साधारण १० ग्रॅम तुकडे, आणि तुकडे जेमतेम बुडतील इतकं पाणी. जिवंत सूत्रकृमी पाण्यात उतरून देठात जमतात. २४ ते ४८ तासांनी खालचं ५ मिलिलिटर पाणी उथळ काचेत काढून ४× ला बघायचं. उन्हाळ्यात फनेल माठाजवळ सावलीत ठेवावं, पाणी तापलं तर त्या मरतात आणि खाली उतरत नाहीत.

वळवळणारे पांढरट धागे दिसले की लगेच घाबरून औषध आणायला धावू नये. कुजक्या मुळांत जिवाणू खाणाऱ्या निरुपद्रवी सूत्रकृमीही भरपूर असतात. पाण्याच्या थेंबावर कव्हरस्लिप ठेवून ४०× ला डोकं तपासायचं. पीक खाणाऱ्या जातीच्या तोंडात सुईसारखा, मागे गाठी असलेला काटा असतो. निरुपद्रवी जातीत नुसती नळी. जास्त वळवळत असेल तर स्लाइड क्षणभर कोमट करावी, ती सरळ होऊन थांबते. काटा दिसलाच, तर त्याच झाडाची मुळं आणि बुंध्याजवळची पाव किलो ओलसर माती प्लास्टिकच्या पिशवीत, झाडाचा नंबर लिहून, न वाळवता जळगावच्या केळी संशोधन केंद्राकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे न्यावी. जात कोणती आणि संख्या किती हे तिथूनच कळेल, आणि औषधाचा निर्णय त्या संख्येवर होतो.